पाळण्यातला वरवंटा

आमच्या बोळात मूल जन्माला आलं की त्याला आधी डॉक्टरांचा हात लागायचा, मग पार्वतम्मांचा, आणि त्यातून सवड मिळालीच तर घरच्यांचा. शुक्रवार पेठेत आम्ही ज्या घरात खाली राहतो, त्याच घरात त्या वरच्या मजल्यावर राहतात. लग्न होऊन मी इथं आले तेव्हा जिन्यावरून खाली येताना आधी त्यांचे पाय दिसले आणि मग त्या. रुंद, भेगाळलेले, जोडव्यांचे पाय. पुढं कळलं, त्या पायांवर निम्मा बोळ न्हाऊन निघालाय.

न्हाणीत पाटावर बसायच्या, लुगडं गुडघ्याच्या वर खोचायच्या, पाय सरळ लांब सोडायच्या आणि नडग्यांवर बाळ पालथं घालायच्या. तेल, डाळीचं पीठ, मग तांब्या तांब्या ऊन पाणी. पाण्याचा अंदाज कोपरानं घ्यायच्या. बाळ किंचाळायचं, दाराआड त्याची आई डोळे पुसायची, आणि पार्वतम्मा दोघांनाही दटावायच्या. "रड की, रड! रडल्याबगर छाती कशी मोकळी हुणार तुजी?" हे बाळाला. "आणि तू कशाला रडायलीस गं? तुला कोण बुडवायलंय हितं?" हे आईला. माझी दोन्ही पोरं त्यांच्याच पायांवर न्हाली. या कामाचं त्या काही घेत नसत. बाराव्या दिवशी खण-नारळ, तोही कपाळाला लावून देवापुढं ठेवायच्या.

माहेर होटगीचं. वडील रेल्वेत, रुळाच्या कामावर. घरात पाळणा नव्हता. आईनं आढ्याला लुगड्याची झोळी बांधलेली. मालगाडी गेली की झोळी आपोआप हलायची, आईला हलवावी लागत नसे, असं त्या सांगतात. खरं-खोटं सिद्धरामेश्वराला ठाऊक. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि भांडण जिथं जे पुढं येईल ते. नवरा संगप्पा. पेठेतच त्यांचं सुतळी-दोरखंडाचं दुकान आहे. बैलाच्या वेसणीपासून पाळण्याच्या दोरीपर्यंत सगळं मिळतं. मुलगा एकच, शिवकुमार. तो कारखान्यात मशिनं दुरुस्त करतो. सून भुवनेश्वरी बार्शीची, शाळेत शिकवते. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी घरात पाळणा नव्हता. म्हणून तिला दिवस गेले तेव्हा पार्वतम्मांनी सिद्धेश्वराच्या देवळात जाऊन नुसता नमस्कार केला. नवस बोलल्या नाहीत. मला म्हणाल्या, "दिलंय त्यानं. आता वर आणि काय मागायचं?"

कॉटचं खूळ भुवनेश्वरीचं. तिच्या शाळेतल्या एका बाईंकडं तिनं ती पाहिली होती. कन्व्हर्टिबल. लहानपणी पाळणा, कठडा काढला की पलंग, फळी उलटी लावली की अभ्यासाचं टेबल. तिनं मोबाईलवर चित्रं दाखवली. पार्वतम्मांनी चष्मा लावून पाहिली.

"काय म्हणतीस ह्येला? कनवटी?"

"कन्व्हर्टिबल, अत्ती." सासूला ती त्यांच्या कानडी रीतीनं अत्ती म्हणते.

"कनवटीला पैसे लावतेत तसली कॉट म्हण की."

संगप्पांना वेगळंच दुःख. "ह्येला दोरी कुटं हाय? दोरी नसलेला पाळणा कसला पाळणा? आमच्या धंद्यावर पाय द्यायलीस, सूनबाई."

पार्वतम्मांचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. एक तर पहिला पाळणा माहेरून येतो. बार्शीचे व्याही बारशाला तो आणणारच होते. दुसरं म्हणजे बाळ जन्मायच्या आधी त्याच्या नावानं काही घरात आणू नये. आणि तिसरं त्यांनी मला भाजी निवडताना सांगितलं. "धने, पाळणा काय एका पोराचा नसतोय. थोरलं उतरलं की धाकटं चढतंय, धाकटं उतरलं की जावेचं. त्येचा पलंग केला, टेबल केलं, तर मागनं येणाऱ्यानं काय करायचं? टेबलावर निजायचं?"

भुवनेश्वरी तिच्या परीनं बरोबर होती. "अत्ती, खोली केवढी आपली! पाळणा आणा, मग तो माळ्यावर टाका, मग पलंग आणा, मग टेबल. त्यापेक्षा एकच वस्तू, दहा वर्षं बघायला नको."

शिवकुमार बायकोकडं बघायचा, मग आईकडं बघायचा आणि चहा मागायचा.

शेवटी एका संध्याकाळी त्यानं कंपनीला फोन लावला आणि आवाज मोठा करून मोबाईल मधोमध ठेवला, म्हणजे अम्मांना जे विचारायचं ते त्यांनीच विचारावं. मी वाटीभर शेंगाची चटणी परत द्यायला वर गेले होते, मीही बसले. पलीकडं कुणी पोरगी गोड आवाजात बोलत होती.

"बाळ मोठं झालं की?" पार्वतम्मांनी विचारलं.

"मग त्याचा बेड होतो, काकू."

"आणि मग?"

"मग स्टडी टेबल."

"आणि मग?"

"मग त्याची बसायची बाक होते काकू, दोघांना बसता येईल अशी."

"आणि म्हातारपणी विमान बी होतंय का?"

आमच्यात माणूस गेलं की त्याला आडवं नेत नाहीत, बसवून नेतात. फुलांनी सजवलेल्या ज्या आसनात बसवतात त्याला विमान म्हणतात. त्या पोरीला हे कुठून ठाऊक असणार? ती म्हणाली, "सॉरी काकू, विमानाच्या शेपमध्ये येत नाही. कारच्या शेपमध्ये आहे, लाल रंगात."

आम्ही किती हसलो! भुवनेश्वरी पोट धरून भिंतीला टेकली. शिवकुमारला फोन बंद करायचंही सुचेना. पार्वतम्मा स्वतः डोळ्यांना पदर लावून हसत होत्या. एकटे संगप्पा हसले नाहीत. "तिन्हीसांजंला असलं बोलू न्हाय. वास्तू तथास्तु म्हणतीया."

"वास्तूला बी हसू आलं आसंल," पार्वतम्मा म्हणाल्या.

घ्यायची की नाही हे तसं कुणी ठरवलंच नाही. सगळे हसले, त्यालाच होकार समजून शिवकुमारनं मागणी नोंदवली. फक्त कंपनीला सांगितलं, उशिरा पाठवा, बाळ झाल्यावर. बाळंतपणाचा डॉक्टरांनी दिलेला महिना त्यानं सांगितला, त्याच्याही पुढची तारीख घेतली. डोहाळजेवण झालं की भुवनेश्वरी बार्शीला जाणार होती.

डोहाळजेवण झालंच नाही. सातवा नुकता लागलेला. शाळेत फळ्यावर लिहिता लिहिता तिच्या पोटात कळ आली. शाळेतल्या बायांनी तिला तशीच रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. मुलगी झाली. रडली ती, पण कसं, तर मांजराचं पिल्लू पोत्याखाली ओरडावं तसं. लगेच तिला काचेच्या पेटीत ठेवलं. नाकात नळी, पायाला वायर.

जो भेटे तो एकच सांगे, सातव्याचं मूल जगतं, आठव्याचं नाही. आमच्याकडं हे सगळ्यांना पाठ आहे. पार्वतम्मांनी ते डॉक्टरांनाही ऐकवलं. डॉक्टर चांगले होते, शांतपणे म्हणाले, "आजी, असं काही नसतं. आठव्याचं असतं तर आणखी बरं झालं असतं." पार्वतम्मांना धरायला तेवढीच एक दोरी होती, तीही हातातून गेली.

पेटीच्या खोलीत फक्त आई-वडिलांना जाऊ देत. पार्वतम्मा कोपरापर्यंत साबण लावून, हात धुऊन दारात उभ्या राहिल्या. नर्सला म्हणाल्या, "ह्या हातांनी न्हायलेली पोरं आज कालेजात जायलेत."

"असतील आजी. पण हात लावायचा नाही. हवासुद्धा लागू द्यायची नाही तिला."

त्या नर्सनं त्यांना हाकललं नाही, एवढं खरं. काचेजवळ उभं राहू दिलं. मी शेजारी होते. पार्वतम्मांचे ओले हात तसेच पुढं धरलेले, कुणी तरी आता त्यात काही ठेवणार आहे असे. म्हणाल्या, "धने, पावलं बघितलीस का? माज्या अंगठ्याएवढी बी न्हाईत. नडगीवर ठिवली तर मधनं गळून जातील गं."

आमच्यात मूल झालं की पहिल्या दिवसांतच स्वामी येऊन त्याच्या अंगावर लिंग बांधतात. इथं धागा बांधायला मनाई. कपाळाला विभूती लावायलाही मनाई. शिवकुमार रोज मोबाईलवर फोटो काढून आणायचा. पार्वतम्मा तो मोबाईल देवापुढं न्यायच्या आणि फोटोत जिथं कपाळ असेल तिथं बोटानं विभूती लावायच्या. फोटो सरकायचा, भलत्याच कुणाचा तरी यायचा. त्या पुन्हा हाक मारायच्या, "शिवू, तिला परत आण रे." तो पुन्हा लावून द्यायचा. त्याच्या मोबाईलची काच त्या दिवसांत कायम पांढुरकी असायची. त्यानं कधी पुसलेली मी पाहिली नाही.

एकदा जिन्यात मला थांबवून त्या म्हणाल्या, "मी विमान म्हणाले, धने."

मी म्हटलं, "अहो, गमतीत बोललात तुम्ही. देव काय गमतीवर जातो का?"

"मग कशावर जातो, सांग."

मी रोज पोथी वाचते, पण हे काही मला माहीत नाही.

भुवनेश्वरीला घरी सोडलं, मूल तिथंच राहिलं. बाळंतीण घरात आणि बाळ नाही. ओवा-शेपेचा वास येतोय, धुरीची शेगडी पेटतेय, आणि धुरी द्यायची कुणाला? ती दूध काढून द्यायची. शिवकुमार ते बर्फाच्या पिशवीतून दवाखान्यात न्यायचा. तिथं नळीतून थेंब थेंब घालत. कधी सगळं जिरायचं, कधी उलटून यायचं. आज नळी काढली म्हणून आनंद करावा, तर उद्या पुन्हा लावलेली.

अशात कॉट आली. उशिरा पाठवा म्हणून सांगितलं होतं, कंपनीनं लवकर पाठवली. भलं मोठं खोकं दोघांनी जिन्यातून तिरकं करून वर नेलं. पार्वतम्मा म्हणाल्या, भिंतीला लावून ठेवा, बघू नंतर. खोकं तसंच दोन-तीन दिवस राहिलं. संगप्पा दुकानातून आले की त्यावर टोपी ठेवायचे.

मग एका संध्याकाळी शिवकुमार दवाखान्यातून आला. जेवला नाही. पाने आणि पेचकस घेऊन खोक्यापुढं बसला आणि कॉट जोडायला लागला. डॉक्टरांनी काही सांगितलं असेल, नसेल. आमच्यापैकी कुणाला विचारायचा धीर झाला नाही. दिवसभर तो मशिनं दुरुस्त करणारा माणूस. काचेपलीकडच्या त्या मशिनाला मात्र त्याला हात लावता येत नव्हता. हातांना काहीतरी हवं होतं. त्यानं कठडे बसवले, गादी घातली, वर मच्छरदाणीची काठीसुद्धा लावली. पांढरी, चांगली दिसत होती. खोटं कशाला बोलू?

संगप्पा दारातच थबकले. "काय केलंस हे? खोक्यात हुतं तवर लाकूड हुतं. आता पाळणा झाला की रे!"

शिवकुमारच्या तेव्हा लक्षात आलं. रिकामा पाळणा घरात. तोही डोलणारा. धक्का लागला की हलणार. रिकामा पाळणा हलला तर काय म्हणतात ते मी लिहीत नाही, ज्यांना ठाऊक आहे त्यांना आहे. तो पुन्हा पेचकस घ्यायला वाकला, तेव्हा पार्वतम्मा म्हणाल्या, "जोडलेलं लगीच सोडू नगं. ते तर आणिक वाईट."

त्या स्वयंपाकघरात गेल्या. पाट्यावरचा वरवंटा घेतला, गरम पाण्यानं धुतला, पुसला, त्याला विभूती लावली. स्वतःचं जुनं मऊ लुगडं फाडून त्यात तो गुंडाळला, जसं बाळ गुंडाळतात तसा. बारशाच्या दिवशी आम्ही आधी असाच वरवंटा पाळण्यात घालतो, मग बाळ. दगडासारखं टणक हो, म्हणून. रीत सगळ्यांच्या घरची आहे. फक्त बारशाला वरवंटा क्षणभर असतो, मागून बाळ येतं. इथं त्या वरवंट्याला कॉटमध्ये निजवून त्यांनी मच्छरदाणी सोडली, आणि तो तिथंच राहिला.

पार्वतम्मांच्या घरात मिक्सर होता, पण वाटण पाट्यावरचंच. आता मिक्सर लागायला लागला. संगप्पांनी पहिल्याच घासाला तोंड वाकडं केलं. "ठेच्याला चव न्हाय."

"वरवंटा मोकळा न्हाय," पार्वतम्मा म्हणाल्या.

त्यांनी तोच ठेचा भाकरीला लावला.

बार्शीहून विहीणबाईंचा, सुंदरम्मांचा, फोन आला. त्यांना कुणी तरी सांगितलं असणार. "विहीणबाई, रिकामा पाळणा घरात ठिवू नगा. परत पाठवा. आमी आणणारच हाव की येळ आल्यावर."

"रिकामा न्हाय," पार्वतम्मा म्हणाल्या.

"मग काय हाय त्यात?"

पार्वतम्मांनी कॉटकडं पाहिलं. "हाय," एवढंच म्हणाल्या आणि फोन सुनेकडं दिला.

पण प्रश्न राहिलाच. कंपनीचा नियम असा की पसंत नसेल तर ठरावीक मुदतीत परत घेतात. संगप्पा म्हणत, परत करा. "पोरगी घरी येऊ दे. मग असल्या धा आणू."

शिवकुमार म्हणाला, "अप्पा, आता परत केली म्हणजे आपण काय म्हटल्यासारखं होतं..." पुढचं त्याला बोलवेना. संगप्पांनाही ऐकवलं नसतं.

"आणि ठेवली म्हंजे?" ते म्हणाले.

ठेवावी तर देवाला डिवचल्यासारखं, परत करावी तर हात टेकल्यासारखं. भुवनेश्वरी खाटेवर कुशीवर पडून ऐकत होती. ती म्हणाली, "अत्ती, तुम्हीच ठरवा. मी ठरवलं की वाईटच होतं. माझाच हट्ट होता."

"तुजा कशाचा? माजी जीभ..." पार्वतम्मा म्हणाल्या.

"मी आधी मागवायलाच नको होती," शिवकुमार म्हणाला.

एका घरात तिघं जण, आणि प्रत्येकाला वाटत होतं, ते लेकरू आपल्यामुळंच पेटीत पडलंय. कुणी कुणाची समजूत घालायची?

मुदत संपायला एकच दिवस उरला. लेकराला जंतुसंसर्ग झाल्याचं त्याच दिवशी कळलं. शिवकुमारनं दवाखान्याच्या बाकावर बसून मोबाईलवरून कॉट परत घेण्याचं बटण दाबलं. घरी येऊन सांगितलं, उद्या माणूस येईल न्यायला. पार्वतम्मांनी ताटं घेतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी वरच होते. पार्वतम्मा लसूण सोलत होत्या, मीही सोलायला घेतला होता. भुवनेश्वरी आतल्या खोलीत पडलेली. बाप-लेक दोघंही बाहेर. जिन्यात धाडधाड पावलं वाजली आणि दारात एक आडदांड माणूस उभा राहिला. हातात मोबाईल, खांद्यावर पट्टा.

"कॉटचं रिटर्न हितंच का?" त्याचा आवाज पार बोळात गेला असेल. "खोलून ठिवली न्हाय व्हय अजून? ऱ्हाऊ द्या, मी खोलतो. गादी तेवढी काढा, मावशी."

पार्वतम्मा उठल्या. लसणाचे हात पदराला पुसले. मच्छरदाणी वर केली आणि आत वाकल्या. एक हात लुगड्याच्या गुंडाळीच्या वरच्या टोकाखाली, एक खालच्या. लहान मुलाची मान धरतात तसा. तशाच वाकून राहिल्या. मला वाटलं पाठीत उसण भरली. मी उठणार, तेवढ्यात त्यांनी हात काढून घेतले. मोकळेच. मच्छरदाणी खाली सोडली आणि त्या माणसाच्या अन् कॉटच्या मधे येऊन उभ्या राहिल्या.

"झोपलंय," म्हणाल्या.

"आँ?"

"बाळ झोपलंय. आत्ताच डोळा लागलाय."

त्या माणसाचा सगळा आडदांडपणा एकदम उतरला. खांद्यावरचा पट्टा त्यानं हातानं धरला, वाजू नये म्हणून. "आरं आरं... मला काय म्हाईत, मावशी. मी आपला वरडत आलो." जाळीतून त्यानं लांबूनच डोकावलं. लुगड्याची गुंडाळी तेवढी दिसत होती. "कितव्या महिन्याचं?"

"सातव्या," पार्वतम्मा म्हणाल्या.

"मंग बसायला लागलं आसंल की."

पार्वतम्मांनी मच्छरदाणीची कड सारखी केली. "बसंल," म्हणाल्या. "बसंल आता."

"माझं बी तेवढंच हाय. एका जागी ठरत न्हाय," तो कुजबुजला. मग कॉटकडं बघत म्हणाला, "मंग परत कशाला करता वो? चांगली न्हाय का वस्तू? माझी बायको बी मागं लागलीया, घ्यावं का न्हाय कळंना."

"चांगली हाय का वाईट, ते आमालाच अजून कळलं न्हाय, बाबा."

तो जरा वेळ मोबाईलमध्ये बघत राहिला. "आज न्हाय नेली तर मागनं घेणार न्हाईत, बघा. आजचीच तारीख हाय. उठवता का?"

"न्हाय."

"मंग गिऱ्हाईक न्हाय म्हणालं असं टाकतो. चालंल?"

पार्वतम्मांनी मान हलवली. तो चपला हातात घेऊन जिना उतरला. खाली बोळात जाऊन त्यानं त्या घातल्या, मगच त्याची पावलं ऐकू आली.

पार्वतम्मा जिथं उभ्या होत्या तिथंच खाली बसल्या. "खोटं बोलले, धने. दगडाला लेकरू म्हणाले. देवाच्या फोटोसमोर उभी राहून."

बारशाला आपण म्हणतोच की, असं ओठांवर आलं, पण बारशाला हसत म्हणतो. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. अंग गरम लागलं.

आतून भुवनेश्वरी भिंतीला धरत बाहेर आली. तिनं सगळं ऐकलं होतं. मला वाटलं रडेल, किंवा सासूवर चिडेल. ती कॉटजवळ आली, मच्छरदाणीच्या आत हात घालून लुगड्याचं सुटलेलं टोक नीट आत खोचलं, आणि सासूच्या शेजारी जमिनीवर बसली. बाळंतिणीनं गार फरशीवर बसू नये म्हणून एरवी पार्वतम्मांनी घर डोक्यावर घेतलं असतं. त्या दिवशी नुसता आपला पदर तिच्या पायांवर ओढला. दोघी कानडीत काही बोलल्या, दोन-चारच शब्द. ते मी मराठीत आणत नाही.

संध्याकाळी शिवकुमार आला. जिन्यातूनच त्यानं विचारलं, "अम्मा, नेली का त्यांनी?"

"हळू!" पार्वतम्मा दारात आल्या होत्या.

तो पायरीवर थांबला. आईकडं बघितलं, तिच्या मागं कॉट तशीच दिसली. मी काही सांगायला गेले, पण त्यानं विचारलंच नाही. दुधाची रिकामी पिशवी भिंतीला टेकवून ठेवली.

"काय म्हणाले डॉक्टर?" पार्वतम्मांनी अगदी हळू विचारलं.

"तेच. सांगता येत नाही म्हणाले. औषध बदललंय. उद्या बघू म्हणाले."

"फोटू?"

त्यानं मोबाईल दिला. त्या तो देवापुढं घेऊन गेल्या. शिवकुमारनं बूट पायरीवरच काढले आणि चवड्यांवर आत गेला. मागून संगप्पा आले. त्यांनी कॉट पाहिली, बायकोकडं पाहिलं. पार्वतम्मांनी बोटानं खुणावलं तशी त्यांनीही टोपी न झटकता खुंटीला लावली.

मी खाली आले. त्या संध्याकाळी वरच्या घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही. आमच्याकडं पोरांनी टीव्ही लावला होता, मी त्याचा आवाज बंद करायला लावला. पोरांनी विचारलं, का गं? मी म्हटलं, वर झोपलंय.